डाव्या पैंजणाची कडी

शालूबाई: ...अवं, पाय सुजला असता तर पैंजण बसलं असतं व्हय? तुम्हीच सांगा डॉक्टरबाई. लग्नातलं पैंजण हाय हे. ते अजून बसतंय म्हंजे पाय हाय तेवढाच हाय.

वल्लरी: आजी, पैंजण बसलेलं नाही, रुतलंय. घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय लाल झालाय आणि हात लावला तर चटका बसतोय. ताप कधीपासून आहे?

शालूबाई: ताप कसला, जरा कणकण.

सयाजी: काल सांजचं हुडहुडी भरली डॉक्टरबाई. घरातल्या सगळ्या गोधड्या हिच्या अंगावर घातल्या. मी रातभर टॉवेल पांघरून बसलो.

शालूबाई: सांगा, आधी तुमचंच दुखणं सांगा. डॉक्टर समोर हायतच.

वल्लरी: आणि हे पिवळं काय थापलंय पायावर?

सयाजी: चुना आन् हळद. शेजारच्या धोंडुबाईनं सांगिटलं.

वल्लरी: धोंडुबाईंना यातलं कळतं का?

सयाजी: कळत न्हाय. पर तिचं पाय बारीक हायत.

वल्लरी: सिस्टर, हे कोमट पाण्यानं हळूच पुसून घ्या. घासू नका. आजी, पाय लांब करा. मी पेनानं एक रेघ मारतेय.

शालूबाई: रेघ कशाला? कापायचं हाय व्हय?

वल्लरी: कापायचं काही नाही. लाली आता इथपर्यंत आहे, तिच्या कडेनं रेघ. उद्या ती रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय. बाहेर गेली तर मला पुन्हा विचार करायला लागेल.

सयाजी: बांध घातला म्हणायचा.

शालूबाई: ही नागीण न्हाय नव्हं? धोंडुबाई म्हणली, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस गेलं. मी कालपासनं तोंड हुडकालीया, गावंना.

वल्लरी: नागीण नाही. कातडीच्या खाली जंतू शिरलेत. सेल्युलायटिस म्हणतात याला.

सयाजी: नाव चांगलं हाय. कागलच्या एमआयडीसीतली कंपनी वाटतीया.

वल्लरी: आजोबा, विनोद नंतर. आजी, बोटं फाकवा बरं. हं. या बेचक्यातल्या चिखल्या कधीपासूनच्या?

शालूबाई: त्या व्हय? त्या काय रोग हायत? पाण्यात काम करणाऱ्या बाईला असत्यातच की.

वल्लरी: जंतू इथूनच आत गेले. घराला कुलूप लावलंत आणि मोरीचं दार उघडं ठेवलंत, असं झालंय. असा ताप पूर्वी कधी आला होता?

शालूबाई: दर साली येतोय एकदा. गणपतीच्या आगंमागं. येतोय, दोन दिवस झोपवतोय, जातोय.

वल्लरी: आणि पाय? तेव्हाही लाल होतो?

शालूबाई: होतोय जरा. मग उतरतोय.

वल्लरी: पूर्ण उतरतो?

शालूबाई: पैंजण बसतंय की!

वल्लरी: थांबा. उजवा पाय इकडे आणा. ही दोन्ही पैंजणं एकाच जोडीतली?

शालूबाई: एकाच. ह्यांच्या हातची. आमचा हुपरीत पैंजणाचा कारखाना हुता. कारखाना म्हंजे घराच्या म्होरल्या सोप्यातच, चार माणसं आन् एक भट्टी.

वल्लरी: मग डावं उजव्यापेक्षा चार बोटं लांब कसं?

सयाजी: त्यात मी कड्या वाढवल्यात.

वल्लरी: कड्या वाढवल्यात?

सयाजी: दर दिवाळीला ही म्हणती, डावं दाटतंय. मग मी एक कडी वाढवतोय. जुन्या कड्यांत नवी कडी मिसळाय पाहिजे, रंग जुळाय पाहिजे. बघा बरं, कुठली नवी, वळखू येती का?

वल्लरी: आणि उजवं?

सयाजी: उजवं मापात हाय.

वल्लरी: आजोबा, दरवर्षी एकाच पायाला कडी वाढवायला लागते, यावरून तुम्हाला काहीच वाटलं नाही?

सयाजी: वाटलं की.

वल्लरी: काय?

सयाजी: चांदी महागली.

शालूबाई: बघा! असल्या माणसासंगं संसार केला.

वल्लरी: दोघेही नीट ऐका. पायातलं जास्तीचं पाणी वर न्यायला कातडीखाली बारीक वाहिन्या असतात. शेताच्या पाटासारख्या. हा ताप आला की त्यातले काही पाट बुजतात. ताप जातो, बुजलेले पाट तसेच राहतात. पाणी साचतं, पाय थोडा जाड होतो. जाड पायात जंतूंना आणखी सोपं जातं, पुन्हा ताप, पुन्हा पाट बुजले. दर गणपतीला ताप आणि दर दिवाळीला कडी. तुमचं पैंजण बघून मला सगळा आजार कळला. तुम्हालाच कळला नाही.

शालूबाई: हत्तीपाय म्हणायचा का ह्याला? गल्लीत तसं म्हणाय लागली तर मी दाराभाईर पडायची न्हाय.

वल्लरी: हत्तीरोगासाठी रक्त तपासून घेऊ. मला तसं वाटत नाही. आणि तसं निघालं तरी औषध आहे, लाज नाही. आत्ता घाई वेगळीच आहे. पाय अजून सुजणार, आणि हे पैंजण आवळत जाणार. खालच्या पायाचं रक्त अडलं तर मग मी रेघा मारून उपयोग नाही. ते काढायचं, आणि तुम्ही इथं राहायचं. सलाइनमधून औषध देते.

शालूबाई: ऱ्हाते की. ते काढायचं न्हाय.

वल्लरी: पैंजणाचा पेच फिरतो का बघू?

शालूबाई: आई गं! हात लावू नका.

वल्लरी: पेच मांसात गेलाय. कापूनच काढायला लागेल. आमच्याकडे अंगठ्या कापायचं कटर आहे.

शालूबाई: माणूस हयात हाय माझा. तो हितं उभा हाय, टॉवेल पांघरून बसला म्हणून तक्रार करालाय. आन् तुम्ही पैंजण कापतासा? आमच्यात नवरा गेल्यावर तोडत्यात ते.

वल्लरी: आजोबा, तुम्ही जरा खाली जाऊन ॲडमिशनचं सांगून या. तोवर मी यांच्याशी बोलते.

सयाजी: तुम्ही बोला. मी चाळीस वर्सं बोलालोय, मला काय जमलं न्हाय.

शालूबाई: ...गेलं का? जिन्यावरनं उतरलं का बघा. दार लोटा जरा.

वल्लरी: गेले. बोला.

शालूबाई: डॉक्टरबाई, मला पाय दिसत न्हवता व्हय? माझाच हाय की तो. चप्पल बसंना झाली हुती, तीन साल मी डाव्या पायात ह्यांची चप्पल घालतीया.

वल्लरी: मग सांगितलं का नाही?

शालूबाई: मशीनचं पैंजण आलं आन् आमचा कारखाना बसला. ह्यांनी भट्टी मोडीत घातली. मग हे माणूस सोप्यात भिंतीला टेकून बसायचं. कुणाला वाईट बोलणं न्हाय, चिडणं न्हाय. नुसतं बसायचं. पर बोटं गप बसत न्हवती. जेवताना चमचा धरला तरी बोटं चाळवायची, तार ओढल्यागत. त्या साली मला पहिला ताप आला, पाय जड झाला. मी आपली सहज म्हणले, अवं, डावं पैंजण दाटतंय.

वल्लरी: मग?

शालूबाई: उठलं की! माळ्यावरनं फुंकणी काढली, चिमटं काढलं, शेजारून कोळसा आणला. एका कडीसाठी दिवसभर खटपट. मला दोनदा ओरडलं, दिवा हिकडं धर, तोंडाचा वारा लावू नको. असं ओरडणं ऐकून किती दीस झालं हुतं! त्या दिशी भाकरी एक जास्त खाल्ली. मग मी दर साली सांगाय लागले. पाय तुमच्यासारखीला दाखवला असता, तर बरा झाला असता. मग ह्यांनी काय केलं असतं?

वल्लरी: आजी, एक विचारते. पायच राहिला नसता तर त्यांनी कडी कुठं घातली असती?

शालूबाई: तुम्ही ह्या पेठेतल्याच काय?

वल्लरी: हो. का?

शालूबाई: असं तोंडावर फाडकन बोलणारी हितलीच. माझं माहेर हितलंच, तालमीच्या मागं. बरं, ते आलं वाटतं. ह्यातलं एक अक्षर त्यास्नी बोलायचं न्हाय.

वल्लरी: नाही बोलत. पण पैंजण निघणार.

सयाजी: खाली सांगून आलो. तिथल्या पोरीनं विचारलं, पेशंटचं वय किती. मी म्हणलं, तिला विचारून सांगतो. मग ती हसली आन् साठ लिहिलं.

शालूबाई: साठ! माझी बहीण हाय साठची.

सयाजी: मग वाढवाय सांगू?

शालूबाई: ऱ्हाऊ दे.

वल्लरी: आजोबा, कटर आणलंय. यांना समजावा.

सयाजी: ते पातं माझ्या नदरंला पडू देऊ नका. कापायचं कशाला? उघडतो की मी.

वल्लरी: कशानं?

सयाजी: हा चिमटा हाय.

वल्लरी: खिशात चिमटा घेऊन फिरता?

सयाजी: पेन्शनर मास्तर खिशात पेन घेऊन फिरत्यात, ते काय लिहीत असत्यात? सवय. शाले, पाय दे. तोडत न्हाय तुझं पैंजण. मागल्या दिवाळीची कडी उघडतो फक्त. जिथं जोडलं तिथंच सोडायचं.

वल्लरी: चिमटा आधी माझ्याकडे द्या, स्पिरिटनं पुसते. आणि कातडीला खरचटता कामा नये, एक ओरखडासुद्धा नको. आजी, दुखेल. तुम्ही बोलत राहा. लग्नाचं सांगा.

शालूबाई: लग्नाचं काय सांगू... हे मला बघाय आलतं पेठेत. मी च्या घेऊन आले तर हे मान खाली घालून बसलतं. आई गं, हळू की! माझी आई आत जाऊन म्हणली, पोरगा लई भला हाय, मान वर करत न्हाय. थोरला भाऊ म्हणला, मुका तर न्हाय? आन् हे माझं घोटं मापत बसलतं!

सयाजी: धंदाच तो. सोनाराला नाक दिसतंय, आम्हाला घोटा दिसतोय.

शालूबाई: तोंड बघिटलासा का तरी?

सयाजी: लग्नात बघिटलं. तवर ठरलं हुतं.

शालूबाई: ऐका! आन् लग्नाला पैंजण आणलं ते दोरा न लावता बरोब्बर मापात. माझ्या आईला शंका आली. मला कोपऱ्यात घेऊन विचारती, ह्या पोरानं तुझा पाय कवा धरून बघिटला?

वल्लरी: मग काय सांगितलंत?

शालूबाई: काय सांगणार! रडले. पर पैंजण लई चांगलं हुतं म्हणून लग्न मोडलं न्हाय. मग हुपरीत आले. तवा आमच्या गल्लीत शिरलं की घराघरातनं ठोकठोक. बायका सोप्यात पाय पसरून कड्या जोडायच्या. मीबी जोडल्या. सकाळी पाय पसरला की दिवस मावळंपतोर उचलला न्हाय. आन् कोण बाई पाण्याला चालली ते न बघता कळायचं. प्रत्येकीचा आवाज निराळा. बयाबाईचं घुंगरू पातळ, आमच्या जावंचं तुटकं.

सयाजी: हिच्या डाव्या पायाचा आवाज जड. त्यात एक घुंगरू मी मुद्दाम मोठं घातलं हुतं.

शालूबाई: हे मला आजच कळालं! कशाला?

सयाजी: तू घरात शिरायच्या आधी मला कळावं म्हणून.

शालूबाई: अय्या.

सयाजी: तवर मी तंबाखूची डबी लपवायचो.

शालूबाई: मेल्या! चाळीस वर्सं मी त्या घुंगराला जपलं!

सयाजी: आता मशीनच्या पैंजणाचा सगळ्यांचा एकच आवाज. कोण आलं, कोण गेलं, काय कळत न्हाय. नवऱ्यांची लई पंचाईत झालीया. हं. सुटलं.

शालूबाई: सुटलं? एका पिळात?

सयाजी: सुटलं.

शालूबाई: आन् जन्मभर गावाला सांगत फिरलासा, सयाजीनं दिलेला डाग सुटायचा न्हाय, कडी तुटंल पर जोड तुटायचा न्हाय!

सयाजी: मागल्या दिवाळीला चुकून तुझा चष्मा घातला हुता.

वल्लरी: छान निघालं. एकही ओरखडा नाही. बघा, खाली कसा खोल वळ पडलाय. सिस्टर, पायाखाली दोन उशा द्या. पाय छातीपेक्षा वर राहिला पाहिजे. खोलीत घेऊन चला यांना.

शालूबाई: पाय कसा मोकळा वाटतोय. उघडा वाटतोय. अवं, ते पैंजण नीट ठेवा. चिमट्याच्या खिशात तंबाखू असंल, दुसऱ्या खिशात ठेवा.

सयाजी: ...डॉक्टरबाई, जरा थांबा. तिला पुढं जाऊ दे. पाय ऱ्हाईल नव्हं?

वल्लरी: राहील. आज आणलंत म्हणून राहील.

सयाजी: आन् मी कड्या वाढवल्या नसत्या, तर ही आधीच आली असती.

वल्लरी: आजोबा, ते मागचं झालं. मला पुढचं काम करायला एक माणूस पाहिजे. लाली गेली की पायाला घट्ट पट्टी बांधायची आहे. त्याआधी पायाचं रक्त नीट फिरतंय का ते मी तपासणार. पट्टी बोटांपासून वर बांधत न्यायची, खाली घट्ट, वर सैल. रोज. शिवाय आठवड्यातून एकदा पायाचं माप घ्यायचं, घोट्याला आणि पोटरीला, ठरलेल्या जागी. हात हलका पाहिजे आणि नजर पक्की पाहिजे. घरात असं कोण आहे?

सयाजी: माप व्हय?

वल्लरी: माप.

सयाजी: दोऱ्यानं घेतलं तर चालंल?

(दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. तोच दवाखाना. खिडकीखालून पेठेतली पोरं मॅच जिंकल्याची हलगी वाजवत चालली आहेत.)

वल्लरी: ...आणि बोटांच्या बेचक्या?

शालूबाई: कोरड्या ठणठणीत. आंघोळ झाली की हे फडकं घेऊन हजर. एकेक बेचकी पुसत्यात, मलम लावत्यात. धोंडुबाईनं खिडकीतनं बघिटलं. गावभर सांगून आली, सयाजी बायकोचं पाय धुतोय.

सयाजी: मी म्हणलं, धुत न्हाय, पुसतोय. वली बेचकी ठेवायची न्हाय, डॉक्टरबाईंचा हुकूम हाय.

वल्लरी: टाचांच्या भेगा?

शालूबाई: रोज रातच्याला खोबरेल. त्याचा हिशेब ह्यांच्याकडं. मी माझ्या मर्जीनं पाय खाजवायचा न्हाय, अनवाणी परड्यात जायचं न्हाय, लोंबकळत ठेवून बसायचं न्हाय. सासूनं एवढं छळलं न्हवतं.

वल्लरी: आणि परत ताप आला, पाय लाल झाला तर?

सयाजी: चुना न्हाय, हळद न्हाय, धोंडुबाई न्हाय. पहिल्या एष्टीनं हितं.

वल्लरी: शाबास. मापं दाखवा.

सयाजी: हे दोरं. हा दवाखान्यातनं सोडलं त्या रविवारचा. हा त्याच्या म्होरचा. आन् हा परवाचा. धरा शेजारी शेजारी.

वल्लरी: अरे वा! बराच उतरलाय की. पण तुम्हाला टेप दिला होता ना मी?

सयाजी: टेप आकडा सांगतोय. दोरा पाय दाखवतोय.

वल्लरी: ठीक आहे, दोरा तर दोरा. आजी, एक खरं सांगून ठेवते. पाय पूर्ण पहिल्यासारखा होईल असं मी म्हणणार नाही. बुजलेले पाट सगळे उघडत नाहीत. पट्टी नाहीतर मोजा, चालणं, घोट्याचा व्यायाम, हे कायमचं. थांबवलंत की सूज परत.

शालूबाई: म्हंजे ह्यांचं काम संपत न्हाय म्हणा.

वल्लरी: संपत नाही.

शालूबाई: मग झालं की.

सयाजी: डॉक्टरबाई, एक इचारायचं हुतं. ही आता एकाच पायात पैंजण घालून फिरती. घरात एका पायाचा आवाज येतोय. एक पाऊल येतंय आन् एक येत न्हाय. मला सारखं वाटतंय, ही दारातच थांबलीया. डावं घालाय देता का? रोज न्हाय. नुसतं दिवाळीच्या दिवशी.

वल्लरी: आणलंय का पैंजण?

सयाजी: हे काय.

वल्लरी: दिवाळीच्या दिवशी, थोडा वेळ, मोज्यावरून. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जरा जरी दाटलं तर लगेच काढायचं. घाला बघू, मी बघते. हं. दोन बोटं जातात.

सयाजी: तीन जात्यात. मी मघाशीच बघिटलं.

वल्लरी: अहो, पण तेव्हा उघडलेली ती मागच्या दिवाळीची कडी कुठं दिसत नाहीये?

सयाजी: ती काढली. आपल्याला लागती कशाला आता? शाले, उठ. दारापतोर चालून ये.

शालूबाई: लोकं बघालीत भाईर.

सयाजी: बघू देत. चाल.

शालूबाई: ...येतोय का आवाज?

सयाजी: येतोय.

शालूबाई: दोन्हीचा?

सयाजी: दोन्हीचा. डावा जड.

शालूबाई: अवं, पर डावं अजून ढिलं लागतंय मला. म्होरल्या दिवाळीला आणिक एक कडी काढाय लागंल बघा.

सयाजी: काढू की. ह्या बारीला चष्मा माझा घालीन.